प्लगसोबत आटेही बाहेर आले तेव्हा

स्पार्क प्लग काढताना त्याला चिकटून हेडचे (सिलिंडरवर बसणाऱ्या, ज्यात प्लग लागतो त्या भागाचे) आटेही बाहेर आले तर पुढे नेमकं काय करायचं, हे मला मराठीत कुठे सापडलं नाही. म्हणून झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. दोष गाडीचा नव्हता आणि अॅल्युमिनियमचं हेड असलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल, आणि प्लग खोल विहिरीत, म्हणजे नळीसारख्या खड्ड्यात, बसवलेले.

मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षं ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर एवढी कामं घरीच करते. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गाडी सिग्नलला उभी असताना मिसिंग करायला लागली. स्टिअरिंगला थरथर, पिकअप मेलेला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. माझ्याकडे ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आहे. त्यात पी-०३०३ असा कोड आला, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. पीयूसीची मुदत १० नोव्हेंबरला संपत होती. मिसिंग करणारी गाडी पीयूसीत पास होणं कठीणच. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापवतं, आणि तो गेला तर मग खर्चाचं विचारू नका. त्यामुळे गाडी चालवणं बंद करून चारही प्लग बदलायचं ठरवलं. आधीचे प्लग चारेक वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेले होते.

भाऊबीज २३ तारखेला झाली आणि शनिवारी, २५ ऑक्टोबरला सकाळी, मी बॉनेट उघडलं. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढू नयेत, आट्यांना त्रास होतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. कॉइलचे १० नंबरचे बोल्ट सहज निघाले. पण एका कॉइलच्या कनेक्टरचं प्लॅस्टिकचं लॉक हाताला लागताच तुटलं. अकरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं. कनेक्टर चांगला असेल तर एवढ्यासाठी वायरिंग बदलायची गरज नाही. मी नंतर तिथे केबल टाय लावला आणि तो अजून घट्ट आहे.

प्रत्येक विहिरीत आधी हवा मारली. सायकलचा पंप आणि लांब नळी पुरते. तिथे साठलेली वाळू प्लग काढल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडते, म्हणून ही पायरी गाळू नका. दोन नंबरच्या विहिरीत थोडं ऑइल होतं, म्हणजे टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग म्हातारं झालंय. ते काम पुढे ढकललं. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग सुरळीत निघाले.

तीन नंबर पहिल्या पाव फेऱ्यापासूनच जड होता. गंजावर मारायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबले. मग थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा थोडा सैल असं करत गेले. कर्र-कर्र आवाज येत होता. शेवटचे फेरे अचानक हलके झाले आणि तेव्हाच पोटात गोळा आला. प्लग वर काढला तर त्याच्या आट्यांमध्ये चांदीसारखी चमकणारी तार गुंडाळलेली. नखाने ओढली तशी ती सुटून आली. ते हेडचे आटे होते. प्लगची वॉशरही पाहण्यासारखी होती. बाकी तिघांची दबूनसुद्धा थोडी फुगीर राहिली होती, हिची मात्र पार कागद झालेली. कुणीतरी कधीतरी लांब दांडीचा पाना लावून हा प्लग जीव खाऊन आवळला होता.

इथे मोह होतो की नवीन प्लग लावून बघूया, कदाचित खालचे आटे शाबूत असतील. मी प्लग हाताने टेकवला, तो दीड-दोन फेऱ्यांनंतर नुसताच फिरायला लागला. तेवढ्यावर थांबले. जोर देऊन तो "बसवला" असता तर कॉम्प्रेशनच्या धक्क्याने कधीतरी कॉइलसकट बाहेर उडाला असता, आणि उरलेले आटेही गेले असते. भोकात स्वच्छ फडकं कोंबलं, बॉनेट लावलं आणि वर जाऊन चहा केला. खरं सांगायचं तर रडू येत होतं. गाडी सणाच्या दिवसांत जागेवरच अडकली होती आणि सासूबाईंची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. (तपासणीला रिक्षाने गेलो. काही अडलं नाही.)

सोमवारपासून फोनाफोनी. सगळ्यात आधी विमा कंपनीचा टोल-फ्री नंबर. बराच वेळ संगीत ऐकल्यावर कळलं की यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या मोटार पॉलिसीत धरत नाहीत, अपघात असेल तरच क्लेम. हे पॉलिसीच्या कागदांत 'अपवाद' या मथळ्याखाली लिहिलेलंही आहे, आपण वाचत नाही. मात्र माझ्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्सचं अॅड-ऑन होतं, त्यातून जवळच्या वर्कशॉपपर्यंत गाडी ओढून नेता येणार होती. वर्षातून मोजक्याच वेळा आणि ठराविक किलोमीटरपर्यंत. घराच्या पार्किंगमधूनही नेतात का, हे आवर्जून विचारा; काही पॉलिसींत घरापासून अमुक अंतराच्या बाहेर बंद पडली तरच सेवा मिळते.

मग अंदाज. पहिल्या वर्कशॉपने फोटो बघून हेड उतरवावं लागेल असं सांगितलं: हेड खाली घेणं, लेथवर बुश (आतून आटे असलेली धातूची नळी) मारणं, हेड गॅस्केट, हेडचे नवीन बोल्ट, टायमिंग चेनचं काम, कूलंट, ऑइल. सगळं मिळून २६ हजार आणि आठ-दहा दिवस. दुसऱ्यांनी १४ हजार सांगितले, पण कामगार गावाला गेलेत, तुळशीच्या लग्नानंतर या म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी "नवीन हेडच टाका" असा सल्ला मिळाला, तिथे पुढे विचारलंच नाही. हेड उतरवून बुश मारणं हा चुकीचा मार्ग नाही, उलट तो सगळ्यात खात्रीचा आहे, कारण कीस (आटे कापताना निघणारे धातूचे तुकडे) सिलिंडरमध्ये पडायचा प्रश्नच येत नाही. पण पाऊण इंच आट्यांसाठी अख्खं इंजिन उघडायचं, हे मनाला पटत नव्हतं.

दरम्यान सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: पार्किंगमध्ये गाडी दुरुस्तीची कामं चालू असल्याची तक्रार आली आहे. नियमावलीत तशी बंदी आहे खरी, कारण पूर्वी कुणाच्या तरी ऑइलवरून एक आजोबा घसरले होते. मी लेखी अर्ज दिला. काम काय, किती वेळ, ऑइल सांडणार नाही, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग नाही, रविवारी दहा ते एक. खाली पुठ्ठे अंथरीन, असंही लिहिलं. परवानगी शिक्क्यासह आली. तुम्हालाही असं काही करायचं असेल तर ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा अर्ज द्या. सेक्रेटरींना फाइलला लावायला कागद हवा असतो.

त्या मेसेजचा एक फायदा झाला. चौथ्या मजल्यावरचे काका खाली आले. टेल्कोत फिटर म्हणून लागलेले आणि तिथूनच निवृत्त झालेले. त्यांनी फडकं काढलं, टॉर्च मारली, जुना प्लग हातात फिरवून बघितला.

"वरचेच आटे गेलेत. खाली दोन-तीन दिसतायत. हेड नको उतरवायला, स्प्रिंग टाकू."

"काका, कीस आत पडला तर?"

"पडणारच. तो काढायचा. घाई नाही ना तुला?"

घाई होती, पण मी नाही म्हणाले.

स्प्रिंग म्हणजे हेलिकॉइल: स्टेनलेस तारेची गुंडाळी. जुनं भोक थोडं मोठं करून त्यात नवीन आटे पाडायचे, त्यात ही गुंडाळी बसवायची, आणि गुंडाळीच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार मिळतात. आमच्या प्लगचं माप १४ मिमी आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), आट्यांची लांबी १९ मिमी. ही लांबी जुन्या प्लगवर मोजून घ्याच, कारण स्प्रिंगा वेगवेगळ्या लांबीच्या मिळतात. आखूड घेतली तर खालचे आटे उघडे पडून तिथे कार्बन बसतो, लांब घेतली तर ती ज्वलनकक्षात डोकावते.

भोसरी एमआयडीसीत टूलची दुकानं पांडव पंचमीला उघडली, पण स्पार्क प्लगचा खास संच गुरुवारी मिळाला. २,३५० रुपये. त्यात ड्रिल करावं लागत नाही. टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचं, टोक १४ मिमीचं असतं, ते उरलेल्या जुन्या आट्यांत वाट धरतं आणि मागचा जाड भाग नवीन आटे कापत जातो. नुसता हेलिकॉइलचा साधा संच आणला असता तर हातड्रिलने त्या खोल विहिरीत सरळ भोक पाडणं जवळपास अशक्य होतं. काकांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून नायलॉनचा एक गोल तुकडा करून आणला. बाहेरून विहिरीत घट्ट बसणारा, मधे टॅपच्या एक्स्टेन्शनपुरतं भोक. त्यामुळे टॅप तिरका जायची सोयच उरली नाही. त्याचे लेथवाल्याने १५० घेतले. संच दोन हजारांचा असला तरी माझ्या मते काम त्या दीडशेच्या तुकड्याने केलं. शिवाय मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा मागवला, ८५० रुपये.

रविवारी, २ नोव्हेंबरला, दहा वाजता सुरुवात. आधी पिस्टनची जागा. टॅपचं टोक आत उतरतं, तेव्हा पिस्टन वर असेल तर त्याला लागणार, आणि व्हॉल्व्ह उघडे असतील तर त्यांना. चारही प्लग काढलेले असल्याने इंजिन हलकं फिरतं. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून मी हळूहळू पुढे ढकलली, काका भोकात घातलेल्या स्ट्रॉकडे बघत होते. स्ट्रॉ खाली गेली, कॅमेऱ्यात दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद दिसले, तिथे हँडब्रेक ओढला.

टॅपच्या खाचांत ग्रीस गच्च भरलं. कापलेला कीस त्यात चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस. काकांनी पहिल्या वेळी स्वतः केलं, मग पाना माझ्या हातात दिला आणि "हाताला काय सांगतंय ते ऐक" म्हणाले. खरंच कळतं. कापत असताना एकसारखा जडपणा लागतो. तो अचानक वाढला की खाच भरली आहे, बाहेर काढा. ग्रीसमध्ये अडकलेला कीस पुठ्ठ्यावर ठेवत गेलो. राखाडी चिखलात चांदीचे बारीक तुकडे, मसाल्याच्या डबीइतका ढीग जमला.

मग स्प्रिंग. ती बसवायच्या दांड्यावर घेऊन फिरवत उतरवली, प्लगची वॉशर जिथे टेकते त्या पातळीच्या किंचित खाली. वर राहिली तर वॉशर बसत नाही आणि हवा गळते. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, दांडा तिला धरूनच स्प्रिंग फिरवतो. ती शेवटी तोडावी लागते. पुष्कळ व्हिडिओंत ती वरून ठोकून पाडतात. आरपार भोक असलेल्या पत्र्यात ते ठीक आहे, इथे खाली पिस्टन आहे! आणि ती स्टेनलेसची असल्यामुळे चुंबकाला नीट लागत नाही. काकांनी शेपटीवर ग्रीसचा गोळा लावला, लांब चिमट्याने तिला धरून वर-खाली वाकवली आणि तुटल्यावर चिमट्यातच बाहेर काढली. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभी होते.

त्यानंतरची स्वच्छता आटे पाडण्यापेक्षा जास्त वेळ खाऊन गेली, आणि तसंच व्हायला हवं. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मत्स्यालयाची बारीक नळी चिकटपट्टीने जोडली आणि पिस्टनच्या डोक्यावर सगळीकडे फिरवली. कॅमेरा घातला तर काठाला अजून चकाकत होतं. पुन्हा व्हॅक्यूम, मग नळीने हवा, पुन्हा व्हॅक्यूम. कॅमेऱ्यात काहीच दिसेना तेव्हा गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, कॉइल बाजूला ठेवल्या, बॅटरी जोडली आणि भोकावर फडकं धरून क्षण-दोन क्षण स्टार्टर मारला. फडक्यावर ग्रीसचे ठिपके आणि दोन कण आले. अॅल्युमिनियम मऊ असतं, एखादा बारीक कण राहिला तरी बहुधा सायलेन्सरमधून निघून जातो असं काकांचं म्हणणं. मी मात्र आणखी एकदा कॅमेरा घातलाच.

नवीन प्लग बसवताना एक युक्ती. प्लगच्या वरच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा बसवा आणि तो बोटांनी फिरवत प्लग आत उतरवा. प्लग तिरका लागला तर पाइपच घसरतो, त्यामुळे आटे मारले जात नाहीत. शेवटपर्यंत बोटांनी गेला की मगच पाना. १४ मिमीच्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. मी टॉर्क पान्यावर (किती जोराने आवळायचं ते ठरवून देणारा पाना) २५ लावले. तो पाना नसेल तर नवीन प्लगला वॉशर टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा हिस्सा. सवयीने आवळू नका. नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा ऑइलही लावू नका, त्याने तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

पावणेएक वाजता चावी फिरवली. आधी पांढरट धूर आला, आतलं ग्रीस आणि स्प्रे जळत होते. मग इंजिन एकसुरी झालं. साबणाचं पाणी तीन नंबरच्या विहिरीत थेंबभर टाकून बुडबुडे येतात का पाहिलं (नाही आले), कॉइल पक्की केली, स्कॅनरने कोड पुसला. सेक्रेटरी एक वाजता खाली येऊन फरशी बघून गेले.

त्या आठवड्यात गाडी मुद्दाम जवळपासच चालवली. दिवा परत लागला नाही. शुक्रवारी इंजिन थंड असताना तीन नंबरचा टॉर्क पुन्हा तपासला, जसाच्या तसा होता. शनिवारी, ८ तारखेला, पीयूसी. बीएस-फोर पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. आमचं ०.०६ आणि ५८ आलं. गाडी गरम करून न्या, थंड इंजिनावर आकडे उगाच वाढतात. नंबरप्लेटसह फोटो, १२५ रुपये, वर्षभराची मुदत. पीयूसी नसताना पकडलं गेलं तर दंड दहा हजारांपर्यंत जातो, त्यामुळे तारखेआधी दोन दिवस हातात होते हे बरं झालं.

खर्च: प्लग ७६०, स्प्रे २८०, संच २,३५०, नायलॉनचा तुकडा १५०, कॅमेरा ८५०, पीयूसी १२५. म्हणजे साडेचार हजारांच्या थोडं वर. टॉर्क पाना माझ्याकडे आधीपासून होता, नसेल तर त्याचे दोन-तीन हजार धरा. काका नसते तर मी हे केलं असतं का? नाही. १४ हजारवाल्यांकडे गाडी ओढून नेली असती आणि त्यातही वावगं काही नव्हतं. ज्यांच्या ओळखीत आटे पाडलेला हात नाही, त्यांनी भोकात फडकं कोंबून टो मागवावा. भोक तिरकं पाडून ठेवलं तर पुढच्या मेकॅनिकचा मार्गही बंद होतो.

संचातल्या उरलेल्या स्प्रिंगा आणि नायलॉनचा तुकडा काकांकडे आहे, सोसायटीत कुणाला लागला तर. टॅपेट कव्हरवर बाहेरून मी पेंटच्या पेनाने लिहून ठेवलं आहे: "३ नंबर, हेलिकॉइल, २५ न्यूटन-मीटर, नोव्हेंबर २०२५." सर्व्हिस बुकातही तीच नोंद केली. डिसेंबरमध्ये पॅकिंग बदलायला कव्हर उघडेन तेव्हा स्प्रिंग जागेवर आहे का, ते कॅमेरा घालून बघणार आहे. काही वेगळं दिसलं तर इथेच लिहीन.